मधली वायर: वडगावातल्या एका कौलारू घराचं प्रकरण

मी वायरमन. या घरात पहिल्या खेपेला मी चुकलो, हे आधी सांगून टाकतो.

बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या जुन्या वस्तीतलं घर. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, वर मंगळुरी कौलं. घरातले माग कधीच बंद झालेत. मागाच्या खोलीच्या आता दोन बेडरूम झाल्यात. मागांमुळे आलेली थ्री फेज जोडणी मात्र पुढे घरगुती करून घेतलेली. दोन वर्षांपूर्वी घराचं सगळं वायरिंग नवं केलं, कौलांखाली जिप्समचं फॉल्स सीलिंग मारलं आणि उन्हाचा ताप खाली उतरू नये म्हणून सीलिंगवर ग्लासवूलची गादी पसरली.

डिसेंबरात फोन आला. सकाळी सात-साडेसातला माजघरात जळका वास येतो, तासाभराने जातो. मी गेलो तेव्हा अकरा वाजले होते. डीबी, म्हणजे घरभर सर्किटं वाटणारा बॉक्स, उघडला, स्क्रू आवळून पाहिले, सगळे घट्ट. गीझर चालू करून क्लॅम्प मीटर लावला, करंट जेवढा हवा तेवढाच. गीझरचा १६ अँपिअरचा सॉकेट थोडा पिवळा पडलेला दिसला, तो बदलला. घरातल्या काकू म्हणाल्या, "उंदीर मेला असंल काय रे बाबा वर?" मी म्हटलं, असेल. सीलिंगवर डोकावायला जागाच ठेवलेली नव्हती आणि नवं कोरं सीलिंग कापा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. वास सकाळचा आणि मी तपासतोय दुपारी, तेही एकच गीझर लावून. एवढं साधं मला त्या दिवशी सुचलं नाही.

मे महिन्यात त्याच घरात लग्न निघालं. हळदीच्या दिवशी मांडवातल्या लाइटसाठी मला बोलावलेलं. आचाऱ्याचा ग्राइंडर घराच्या मागच्या सॉकेटवरून एका रिळाच्या एक्स्टेंशनवर चालला होता. रीळ अर्धंच सोडलेलं, उरलेली वायर तशीच गुंडाळलेली. सवयीने मी रिळावर हात ठेवला. वरचे वेढे कोमट होते. दोन वेढ्यांच्या फटीतून बोट आत घातलं आणि चटक्याने मागे घेतलं. वायर तीच, करंट तोच, पण बाहेरची गार आणि आतली तापलेली. घरमालकाच्या पोराला म्हटलं, सगळं रीळ सोडून जमिनीवर पसर. तो वायर ओढतोय तोवर काकू आतून ओरडल्या, "वास येऊलालाय बघा परत!"

तेव्हा ट्यूब पेटली. वर सीलिंगवर असंच एखादं रीळ असणार.

एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. त्यावरून घरमालकाचा पहिला प्रश्न रास्त होता. "काका, एमसीबी तर एकदाबी पडला नाही की ओ. वायर तापली असती तर पडला नसता?" उत्तर द्यायला वेळ नव्हता. हळद उरकेपर्यंत दोन्ही गीझर बंद करा म्हटलं, तर पाहुण्यांच्या आंघोळी चाललेल्या. शेवटी माजघराच्या कोपऱ्यात, पाहुण्यांच्या नजरेआड, सीलिंगचा फूटभर चौकोन कापला.

वर जे दिसलं ते, खोटं कशाला बोलू, देखणं होतं. डीबीकडून निघालेल्या सगळ्या वायरी एकत्र घेऊन, दर वीतभर अंतरावर पांढरा केबल टाय आवळून, तुळईच्या कडेने सरळ रेषेत स्वयंपाकघरापर्यंत नेलेल्या. लाटण्याएवढा जाड गठ्ठा. साडेचार मीटर लांब. पाइप नाही, पट्टी नाही, उघड्या सिंगल कोअर वायरी. अर्ध्या लांबीवर गठ्ठा ग्लासवूलच्या गादीवर टेकलेला. सीसीटीव्हीची आणि इंटरनेटची केबलही त्यातच बांधून घेतलेली. ज्या पोराने हे केलं त्याचा हात साफ होता, हे मी आजही म्हणेन. रंगकाम-सीलिंगच्या ठेकेदाराने आपल्याच माणसाकडून वायरिंग उरकून घेतलं होतं. त्या पोराला नीटनेटकेपणा कुणीतरी शिकवलेला, वायर तापते हे शिकवलेलं नव्हतं.

बाहेरच्या वायरी लाल, पिवळ्या, निळ्या, जशा हव्यात तशा. एक टाय कापला आणि गठ्ठा स्क्रू ड्रायव्हरने उकलला. मधल्या वायरींचा रंग ओळखू येईना. लाल होती ती तपकिरी झालेली आणि शेजारच्या काळीला चिकटलेली. वेगळी करताना जुनी बँडेज सोडवतात तसा आवाज आला. मध्ये कुठेतरी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, तिचा गोंद वितळून डिंकासारखा ओघळलेला. टाय जिथे आवळला होता तिथे पीव्हीसीत खोल वळ. पीव्हीसी मऊ पडत गेलं आणि टाय रुतत गेला. जोड सापडेल, ढिल्या पिळाने सगळं तापलं असेल, अशी माझी अटकळ होती. पूर्ण साडेचार मीटर बोटांनी चाचपलं, एकही जोड नाही.

मीटरचा, तापमान मोजायचा तारेचा प्रोब मधल्या दोन वायरींमध्ये खोचला. लोड चालूच होता. ७४ अंश. तेही सीलिंग उघडून, गठ्ठा अर्धा मोकळा करून हवा लागल्यावर. साध्या पीव्हीसी वायरीच्या वाहकाला ७० अंशांची मर्यादा असते. बंद सीलिंगमध्ये किती असेल ते तुम्हीच ठरवा. गठ्ठ्यापासून हातभर लांब, कौलांखालची नुसती हवा ४७ अंश होती. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, आमच्याकडची हवा थंड, असं आम्ही सगळ्यांना सांगत असतो. रस्त्यावर ते खरं आहे, मे महिन्यात कौलाखाली नाही.

आता करंट. सगळं चालू असताना डीबीत एकेक सर्किट मोजलं. न्हाणीतला २ किलोवॅटचा गीझर ८.६ अँपिअर. मागचा ३ किलोवॅटचा गीझर १२.९. स्वयंपाकघराची लाइन, म्हणजे इंडक्शन आणि आचाऱ्याचा ग्राइंडर मिळून, १२.१. एसी ६.८. इस्त्री आणि वॉशिंग मशीनची लाइन ८. पाण्याची मोटर ५.४. लाइटची दोन सर्किटं अँपिअरच्याही आत. जड सहाही सर्किटं अडीचच्या वायरीत, आणि प्रत्येकाला २० चा एमसीबी.

अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला २० चा एमसीबी, यात वरवर पाहता काहीच वावगं नाही. कुठल्याही वायरमनला विचारा, हेच सांगेल. आयईसी ६०३६४ या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कोष्टकात भिंतीतल्या पाइपमधून एकट्या जाणाऱ्या अडीचच्या सर्किटला २४ अँपिअर दिलेत. आपलं भारतीय मानक आयएस ७३२, २०१९ ची आवृत्ती, त्याच धर्तीवर आहे. घोटाळा "एकट्या" या शब्दात आणि कोष्टकाच्या डोक्यावर लिहिलेल्या "३० अंश" या आकड्यात आहे. वायर एकटी नसेल किंवा भोवतालची हवा त्याहून गरम असेल, तर २४ ला गुणकाने कमी करावं लागतं.

गठ्ठ्याचे गुणक असे: दोन सर्किटं एकत्र असली तर ०.८०, तीनला ०.७०, चारला ०.६५, पाचला ०.६०, सहाला ०.५७. पुढे उतार मंदावतो, नऊला ०.५०. तापमानाचे: ३५ अंशांना ०.९४, ४० ला ०.८७, ४५ ला ०.७९, ५० ला ०.७१. आपल्याकडचे ४७, म्हणून सुरक्षित बाजूचा ५० चा गुणक घेतला.

२४ गुणिले ०.५७ गुणिले ०.७१. उत्तर ९.७ अँपिअर.

मी हा हिशेब मांडवातल्या पत्रिकेच्या पाठीवर केला आणि घरमालकापुढे धरला. त्याने खिशातून चष्मा काढला. "म्हणजे वायर दहाची बी नाही, आणि पहारा विसाचा?" याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. एमसीबी बसलाय सोप्यात, गार भिंतीवर. त्याच्यातून जाणारा करंट तेवढा त्याला कळतो, साडेचार मीटरवर वायरीला किती घाम फुटलाय ते कळायचा मार्ग नाही. त्यात २० चा एमसीबी २० ला लगेच पडतो हाही गैरसमजच. मानकाप्रमाणे त्याने १.१३ पट, म्हणजे २२.६ अँपिअर, तासभर न पडता नेलाच पाहिजे. १.४५ पटीला, म्हणजे २९ अँपिअरला, तासाच्या आत पडलाच पाहिजे. १२.९ अँपिअरवर तो का म्हणून पडेल?

उष्णताही मोजून दाखवली, कारण त्याला ती आकड्यांपेक्षा लवकर समजली. अडीचच्या वायरीचा रोध, तापल्यावर, मीटरला ०.००९ ओहमच्या आसपास. करंटचा वर्ग करून रोधाने गुणायचं, जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी धरायच्या, सहा सर्किटांची बेरीज करायची. मीटरला जवळपास १० वॅट येतात. साडेचार मीटरला चाळीस-पंचेचाळीस. "पूर्वीचा चाळीसचा पिवळा बल्ब आठवतो का? तो गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलास, रोज सकाळी पेटवतोस." काकूंनी हे ऐकून देवापुढे हात जोडले. त्यांना घाबरवायचा हेतू नव्हता, पण झालं तसं.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मांडायला हवी. गुणक गृहीत धरतात की गठ्ठ्यातली सगळी सर्किटं पूर्ण भारावर आहेत. इथे ९.७ च्या वर दोनच होती, बाकीची खाली. शिवाय सहाही एकदम चालण्याचे दिवस थोडे: थंडीतल्या सकाळी गीझर-इंडक्शन-इस्त्री एकत्र येत, तेव्हा कौलाखालची हवा तरी गार असे. म्हणूनच हे प्रकरण दोन महिन्यांत न पेटता दोन वर्षं धुमसत राहिलं. इन्सुलेशनचं आयुष्य दर आठ-दहा अंशांच्या वाढीला निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला जुना अंदाज आहे. डिसेंबरातला तो वास म्हणजे त्या आयुष्यातलं काहीतरी खर्ची पडत होतं, आणि मी सॉकेट बदलून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, सगळं थंड असताना, मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचा मीटर, लावला. ५०० व्होल्टला किमान १ मेगओहम हवा. बाहेरच्या वायरी शंभराच्या वर दाखवत होत्या. मागच्या गीझरच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये ०.४. टायचे वळ होते तिथेच दोघींची कातडी पातळ झालेली. अजून एक थंडी निघाली असती की नाही, सांगता येत नाही.

काय मोजायचं, काय नाही

लग्न पार पडेपर्यंत तात्पुरती सोय केली: मागचा गीझर पूर्ण बंद, ग्राइंडरला मांडवाच्या जनरेटरवरून वेगळी लाइन, सगळे टाय कापून गठ्ठा मोकळा. नुसते टाय कापल्यावर प्रोबचा आकडा तासाभरात ६० च्या खाली आला. मग लोक म्हणतात तसं, वायरी विस्कटून टाकल्या की झालं का? नाही. सिंगल कोअर वायर, जिच्यावर दुसरं आवरण नाही, ती पाइप किंवा पट्टीशिवाय न्यायचीच नसते, मोकळी असो की बांधलेली. उंदीर काकूंच्या कल्पनेत होते तसे खरेही असतात.

याच्या उलट टोकाची घाबरगुंडीही मी पाहिली आहे. गुणकांचं कोष्टक एकदा हातात आलं की काही जण डीबीच्या तोंडाशी एकत्र आलेल्या वायरींनाही भितात. वीत-दोन वीत लांबीचा जमाव असेल तर उष्णता वायरीच्या दोन्ही टोकांकडे निघून जाते. अमेरिकेचा कोड याची रेघच मारतो, २४ इंचांपर्यंतच्या गठ्ठ्याला कपात नाही. त्या कोडची मोजायची रीत मात्र वेगळी: तो सर्किटं न मोजता करंट नेणाऱ्या वायरी मोजतो, तीनपर्यंत सूट, चार ते सहाला ८० टक्के, सात ते नऊला ७०, दहा ते वीसला ५०. आमचा गठ्ठा त्या हिशेबात निम्म्यावर येतो. वाट वेगळी, मुक्काम जवळपास तोच.

अर्थिंगची वायर मोजायची नाही, ती रोजच्या चालण्यात करंट नेतच नाही. लाइटची दोन सर्किटं मी गठ्ठ्याच्या सहांत धरली नाहीत, त्याचंही कारण आहे. गठ्ठ्यातल्या आपल्या क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी करंट नेणारी वायर आयईसीच्या नियमाने हिशेबातून वगळता येते. ९.७ चे ३० टक्के म्हणजे २.९. नऊ-नऊ वॅटचे एलईडी सगळ्या घरात लावले तरी तिथवर पोचत नाहीत. पिवळ्या बल्बांच्या काळात हे इतकं सोपं नव्हतं. आणि दोन वायरींत त्यांच्या जाडीच्या दुपटीहून जास्त आडवं अंतर राखलं तर गठ्ठ्याचा गुणक लागतच नाही. अडीचच्या वायरीला ते बोटभरही होत नाही. एवढ्याशा फटीने केवढा फरक पडतो!

घरमालकाने दोन पर्याय सुचवले. ते बहुतेक घरांत सुचवले जातात, म्हणून लिहितो. एक: "एफआर वायर टाकू, चांगल्यातली." वायर एफआरच होती. एफआर म्हणजे पेटली तर आग पुढे पसरू देणार नाही. एफआरएलएस म्हणजे धूरही कमी करेल. जास्त करंट नेईल असं दोन्हींपैकी एकही सांगत नाही. दुसरा: जास्त तापमान सोसणारी, ८५ अंशांची वायर घेऊन गठ्ठा तसाच ठेवायचा. हे कागदावर बसतं. पण ती वायर शेवटी ज्या स्विच-सॉकेटच्या टर्मिनलात जाते, ते एवढ्या तापाला केलेलं नसतं. आणि शेजारी साध्या वायरी असतील तर त्या तिच्या तापात भाजणार. मी नको म्हटलं. तिसरा पर्याय त्याच्या चुलत्याने मांडला, सीलिंगमध्ये एक्झॉस्ट फॅन बसवायचा. त्यावर मी काही बोललो नाही.

नवं काम

गठ्ठा सोडून त्याचे तीन मार्ग केले. एक पाइप माजघराच्या डाव्या भिंतीने, एक उजव्या, तिसरा बाहेरून परसाच्या भिंतीला, पावसाळ्याचा विचार करून तोंडं खाली वळवून. तिन्ही २५ मिलिमीटरचे, प्रत्येकात दोनच जड सर्किटं. दोन्ही गीझर आणि स्वयंपाकघर यांना चारची वायर. कौलाखालून जाणारे पाइप ग्लासवूलपासून चार बोटं वर, क्लिपांवर. ग्लासवूलने पूर्ण वेढलेली वायर अर्ध्या मीटरहून लांब असेल तर तिची क्षमता उघड्या भिंतीवरच्या वायरीच्या निम्मी धरा, असं ब्रिटिश नियम सांगतो. आमच्या गठ्ठ्याखाली ती एकाच बाजूला होती म्हणून मी ९.७ च्या हिशेबात धरली नव्हती. धरली असती तर आकडा अजून खाली गेला असता.

कौलांत दोन ठिकाणी हवा जायला फट ठेवली, दुपारचं तापमान ४४ वर आलं. आता हिशेब: चारच्या वायरीला कोष्टकात ३२, दोन सर्किटांचा ०.८०, ४५ अंशांचा ०.७९. २०.२ अँपिअर येतात. एमसीबी १६ चा. अडीचच्या वायरीला याच गुणकांनी १५.२. तिथे १६ चा एमसीबी बसवायचा मोह होतो, फरक एका अँपिअरचाही नाही. पण एमसीबीचा आकडा वायरीच्या आकड्याच्या वर जाता कामा नये, म्हणून एसी, मोटर आणि इस्त्री-वॉशिंग मशीनला १० चे टाकले. इस्त्री आणि मशीनचा हीटर एकदम लावला की तो पडतो, हे आधीच सांगून ठेवलं. करंट गळायला लागला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आधी नव्हता, तो बसवला. प्रत्येक सर्किटचा फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपमधून नेला. इथे पाइप पीव्हीसीचे होते, पण लोखंडी पाइपमध्ये नुसता फेज गेला आणि न्यूट्रल दुसरीकडून आला तर पाइपच तापायला लागतो, तेव्हा ही सवय सगळीकडे बरी. कॅमेऱ्याची आणि इंटरनेटची केबल वेगळ्या पाइपमध्ये, विजेपासून लांब. सीलिंगला दोन झाकणं केली. पुढच्या माणसाला तरी कापावं लागू नये.

खर्च मूळ वायरिंगच्या जवळपास निम्मा आला. घरमालक कुरकुरला. डिसेंबरच्या भेटीचे पैसे मी परत केले, त्यावर तो जरा निवळला.

जुन्या गठ्ठ्याचा वीतभर तुकडा मी टायसकट कापून पिशवीत ठेवलाय. काम शिकायला येणाऱ्या पोरांच्या हातात देतो. सगळे आधी बाहेरच्या वायरी बघतात आणि विचारतात, यात बिघडलंय काय?

या जानेवारीत मुद्दाम सकाळी सात वाजता गेलो. दोन्ही गीझर, इंडक्शन, इस्त्री, सगळं लावायला सांगितलं. मिनिटभरात इस्त्री-मशीनचा एमसीबी पडला, काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मशीन बंद करून अर्धा तास थांबलो. झाकण उघडून चारच्या वायरीला प्रोब लावला, ३४ अंश. मग टॉर्च फिरवला तर उजव्या पाइपला, बाहेरून, एक नवी काळी केबल पांढऱ्या टायने आवळून बांधलेली. दुसरा कॅमेरा लावायला कुणी पोरगा आला होता म्हणे. दर वीतभर अंतरावर एक टाय, सरळ रेषेत. पाइपच्या बाहेरून ती बांधली होती, धोका काही नव्हता. तरी मी पक्कड काढली आणि सगळे टाय कापले.